निनावे

जानेवारीत सकाळी सहाला दाखवली त्यानं गाडी.
कोराडी रोडवर धुकं, बॉनेटवर दव,
आणि गिअर असे पडत होते
जसा सराईत हात पत्ते पिसतो.
पन्नाशीच्या बाईनं लाल टर्बो घ्यावी का,
हा प्रश्न बँकेत सगळ्यांना पडला, मला सोडून.
सहाच का, हे मात्र विचारायचं राहिलं.

एप्रिलात पहिला झटका.
छत्रपती चौक. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
गाडीनं आवंढा गिळला,
समोरचा 'डी' डोळा मिचकावू लागला
आणि मागच्या ऑटोवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या.
बंद केली, चालू केली.
जणू काही झालंच नाही.

शोरूमनं दोन दिवस ठेवून घेतली,
थंड हॉलमध्ये झोपवली
आणि कागद दिला: दोष आढळला नाही.
खाली बारीक अक्षरात,
तरीही गिअरबॉक्सचा मेंदू बदलावा,
एक लाख ऐंशी हजार.

म्हणून गोळीबार चौक, हेमराज निनावे.
आडनावच असं, की माझ्या गाडीच्या आजारालाही शोभलं असतं.
पत्र्याचं शेड, कूलरमधला ओला वाळा,
त्यात जळक्या तेलाचा वास.
तो शेजारी बसला. तेवीस किलोमीटर, भर उन्हात,
गाडी शहाण्या पोरीसारखी चालली.
दवाखान्याची पायरी चढली की दाढ ठणकायची थांबते, तशी.
मला माझीच लाज वाटली.
"गाडी खोटं नाई बोलत, मॅडम," तो म्हणाला,
"पन रोज रोज खरं बी नाई सांगत."
आणि शंभर पानी वही ठेवली हातात.
केव्हा, कुठं, ऊन किती, सोबत कोण,
सारं लिहा म्हणाला.

बावीस दिवस लिहिलं.
मानकापूर, दुपारी चार, पंचेचाळीस अंश, एकटी.
वर्धा रोड, ट्रक ओलांडताना, एकटी.
सक्करदरा, भाजी घेऊन, कांता सोबत: काही नाही.
फुटाळ्याकडून परत, चढाला, एकटी.
रामटेकला जाऊन आलो, कांता आणि तिची सून: काही नाही.

पानं उलटता उलटता त्याचं काळं बोट
त्या एका शब्दावर थांबलं.
मी उगाच ओढणी सारखी केली.
वाटलं, आता हा भलतंच काही विचारणार,
आणि मला उत्तर द्यावं लागणार.
"एकट्या असल्या का तुमी पाय दाबूनच राह्यता, मॅडम."

आता काय सांगू याला.

त्यानं बॉनेट उघडलं, कान खाली नेला.
"ब्रेक धरा. डी टाका. आता द्या रेस."
इंजिन मागं कललं,
बैलानं जू झटकावं तसं.
"अजून."
'डी' मिचकावला.
"हां. सापडली."

बॅटरीच्या ट्रेखाली, ब्रॅकेटच्या धारेला घासून घासून
एका वायरीचं कातडं गेलेलं.
आत तांब्याच्या तीन तारा उरल्या होत्या,
उन्हात सैलावणाऱ्या, इंजिन कललं की ताणणाऱ्या,
आणि सकाळी सहाला, दवात, अगदी गुण्यागोविंदानं टेकलेल्या.
सौदा करताना त्या पोराचं हसू आठवलं.

"आमच्या बाबाले मागावर
ताण्यातला तुटका धागा दिसे नाई,
धोट्याच्या आवाजात समजे."
एवढंच बोलला. डाख दिला, टेप गुंडाळली,
ब्रॅकेटला जुन्या ट्यूबचं रबर बांधलं.
साडेतीनशे रुपये.
"झाली ना दुरुस्त?"
"मे जाऊ द्या ना, बाप्पा."

मे जातो आहे, सावकाश.
काल बुटीबोरीपर्यंत, सेहेचाळीस अंश, पाय दाबून.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली
आणि आवंढा मी गिळला.
वहीत लिहिलं: एकटी. काही नाही.
मग 'काही नाही' खोडलं,
आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसले.